पावाचे घर आणि विल्हेल्म ग्रिम

नाताळ जवळ आला की वसईपासून मडगावपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल आणि कलकल यांची ताटे भरू लागतात, आणि शेजारधर्माने त्यांतला वाटा आपल्याही दारी येतो. दिवाळीत आपल्या घरून गेलेल्या फराळाची ती परतफेड असते. सणाचे अन्न वाटून खावयाचे असते, हे दोन्ही घरांना कोणी शिकवावे लागत नाही. याच दिवसांत तिकडे जर्मनीत अनेक स्वयंपाकघरांतून एक निराळाच पदार्थ आकार घेत असतो. तो पदार्थ म्हणजे चक्क एक घर असते. मध, पीठ आणि मसाले एकत्र मळून भट्टीत भाजलेल्या जाड वड्यांच्या त्याच्या भिंती. छपरावर साखरेचे बर्फ. खिडक्यांना वितळविलेल्या साखरेच्या पारदर्शक काचा. अंगणात बदामांची फरसबंदी. मुले हे घर सजवितात, काही दिवस मांडून ठेवून डोळे भरून पाहतात आणि सण सरता सरता मोडून खातात. आपल्या मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण यावी असाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की किल्ला खाता येत नाही.

या गोड घराचे मूळ सामान्यतः ज्या गोष्टीत सांगितले जाते, ती हेन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची गोष्ट आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. ती लिहून ठेवणारे, पुढे पंचेचाळीस वर्षे तिच्यावरून पुनःपुन्हा हात फिरविणारे विद्वान म्हणजे विल्हेल्म ग्रिम. याकोब आणि विल्हेल्म या बंधूंची नावे नेहमी जोडीनेच घेतली जातात. परंतु आज आम्ही धाकट्या विल्हेल्म यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. सणाच्या पानावर परदेशी पंडिताचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की ज्या घरात आज एवढी साखर ओतली जाते ते घर प्रथम एका उपाशी कथेत बांधले गेले, आणि ती लिहून घेणाऱ्या माणसाने भूक स्वतःच्या घरात पाहिलेली होती.

आधी त्या वडीविषयी. जर्मन लोक तिला लेबकुखेन म्हणतात. इंग्रजी जिंजरब्रेडच्या कुळातीलच ती आहे. या पदार्थासाठी न्यूरेंबर्ग हे शहर मध्ययुगापासून प्रसिद्ध. शहराभोवती सम्राटाचे मोठे रान होते आणि त्या रानात मधमाश्या पाळण्याचा हक्क असलेली कुटुंबे होती; त्यामुळे मधाला तोटा नव्हता. मसाले व्हेनिसच्या बाजारातून आल्प्स पर्वत ओलांडून येत. मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ अशी ती यादी वाचताना आपल्याच घरातील मसाल्याचा डबा उघडल्यासारखे वाटते, आणि ते साहजिकही आहे. कारण त्यांतील मिरी आणि वेलची आपल्या मलबार किनाऱ्यावरूनच निघालेली असे. न्यूरेंबर्गच्या लेबकुखेन भाजणाऱ्यांना १६४३ साली स्वतःचा स्वतंत्र संघ मिळाला. मठांतील साधू हा गोळा पूजेसाठी केलेल्या पातळ पापुद्र्यावर थापून भाजीत. तळाला पापुद्रा ठेवण्याची ती रीत आजही चालू आहे. या कणकेत खमीर घालीत नाहीत. मध तापवून त्यात पीठ आणि मसाले मिसळावयाचे, गोळा कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, थंड जागी झाकून ठेवावयाचा आणि मग पोटॅशसारखा क्षार घालून भाजावयाचा, ही जुनी रीत. घरासाठीची कणीक अधिक घट्ट मळतात. ती लाटून कागदी नमुन्याबरहुकूम भिंती कापतात आणि भाजून झाल्यावर अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर यांच्या लेपाने सांधतात. ज्या घरांत अंडे चालत नाही तेथे साखर वितळवून केलेला कडक पाकही तेच काम करतो, हे आमच्या गृहिणींसाठी येथेच सांगून ठेवतो.

नाताळापूर्वीचे चार आठवडे हा तिकडे एकेकाळी उपवासाचा काळ होता आणि त्यात लोणी वर्ज्य होते. ड्रेस्डेन शहराचा स्टोलन नावाचा प्रसिद्ध सणाचा पाव त्यामुळे नुसते पीठ, पाणी आणि तेल यांचाच करीत. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला विनंत्या केल्या आणि अखेरीस १४९१ साली पोपकडून लोणी वापरण्याची परवानगी आली. त्यानंतर त्या पावात मनुका, बदाम, साखर भरभरून आली. पिठीसाखरेने शुभ्र झालेला तो लांबट पाव दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूची आठवण देतो असे भाविक मानतात. उपवास आणि पक्वान्न यांची ही शेजारी-शेजारी बसलेली जोडी आमच्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

विल्हेल्म यांचा जन्म हानाउ या गावी २४ फेब्रुवारी १७८६ रोजी झाला. याकोब त्यांच्याहून एका वर्षाने मोठे. वडील फिलिप विल्हेल्म ग्रिम कायदेपंडित होते. १७९१ मध्ये त्यांची श्टाइनाउ येथे न्यायाधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि सारे कुटुंब तेथील प्रशस्त सरकारी वाड्यात राहावयास गेले. अंगण, बाग, नोकर असे सुखवस्तू बालपण पाचच वर्षे टिकले. १७९६ च्या जानेवारीत वडील न्युमोनियाने वारले. त्या वेळी विल्हेल्म दहा वर्षांचाही नव्हता. आई डोरोथेआ आणि सहा मुले यांना सरकारी वाडा सोडावा लागला. ज्या घराच्या भिंती आपल्या वाटत होत्या त्या आपल्या नव्हत्याच, हे त्या लहान वयात मुलांना कळले.

मावशी कासेलच्या दरबारात राणीवशाच्या सेवेत होती. तिच्या आधाराने १७९८ साली दोघे थोरले भाऊ कासेलच्या विद्यालयात दाखल झाले. एकच खोली, एकच बिछाना आणि एकच ध्यास. चार वर्षांत त्यांनी इतके वाचले की विल्हेल्म यांची प्रकृती बिघडली. धाप आणि छातीचे दुखणे जडले ते जन्मभर राहिले. १८०३ मध्ये ते याकोबपाठोपाठ मारबुर्ग विद्यापीठात कायदा शिकावयास गेले. धनिकांच्या मुलांना तेथे विद्यावेतने मिळत; या विधवेच्या मुलांना ती मिळाली नाहीत. मात्र कायद्याचे प्राध्यापक साविन्यी यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचे दार त्यांना उघडून दिले. तेथे जुन्या जर्मन काव्याची पुस्तके या भावांच्या हाती पडली आणि कायदा मागे पडला.

१८०८ च्या मे महिन्यात आईही गेली. आता तेवीस वर्षांचे याकोब घराचे कर्ते झाले. काळ मोठा कठीण होता. नेपोलियनच्या फौजांनी देश जिंकला होता. त्याचा भाऊ जेरोम कासेलच्या गादीवर येऊन बसला होता. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडच्या मालाला युरोपची बंदरे बंद केली, तेव्हापासून साखर, कॉफी आणि मसाले यांचे भाव सामान्यांच्या हाताबाहेर गेले. याकोब यांना राजाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली, पण विल्हेल्म यांना दुखण्यामुळे कमाई नव्हती. १८०९ साली हृदयाच्या उपचारासाठी त्यांना हाले येथे कित्येक महिने काढावे लागले आणि त्याचाही खर्च घरावर पडला. या वर्षांत असेही दिवस आले की पाच माणसांसाठी तिघांपुरते अन्न घ्यावे आणि तेही दिवसातून एकदाच. ज्या हातांनी पुढे साखरेच्या खिडक्या लिहिल्या त्यांना त्या वेळी चहात घालावयाची साखरही सहज मिळत नव्हती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याच दिवसांत कथा गोळा होऊ लागल्या. कवी ब्रेंटानो आणि आर्निम यांनी लोकगीतांचा संग्रह काढला होता. त्यांच्या सांगण्यावरून ग्रिम बंधू कथा टिपून घेऊ लागले. हे दोघे भाऊ खांद्याला झोळी अडकवून खेडोपाडी हिंडले आणि म्हाताऱ्या शेतकरणींच्या चुलीपाशी बसून गोष्टी लिहून घेतल्या, असे चित्र नेहमी रंगविले जाते. ते खरे नाही. पुष्कळशा कथा कासेलमधल्या सुशिक्षित घरांतील तरुण मुलींनी सांगितल्या, आणि सांगणाऱ्याच बहुधा यांच्याकडे येत. खेड्यातून आलेल्यांत एक नाव मात्र मोठे आहे. नीडरत्स्वेरेन गावच्या एका शिंप्याची पत्नी, डोरोथेआ फीमान, आपल्या मळ्यातला भाजीपाला विकावयास कासेलला येई आणि ग्रिमांच्या घरी बसून एकेक कथा, शब्द न चुकविता, पुन्हा सांगावयास सांगितले तरी तशीच सांगे. १८१५ च्या नोव्हेंबरात ती वारली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी जमविल्या, तेव्हा त्यांनाही अशाच माऊल्या भेटल्या होत्या.

शेजारी एक औषधविक्याचे दुकान होते. दुकानाचे मालक वील्ड यांना अनेक मुली. त्यांतील डॉर्टशेन ही विल्हेल्मपेक्षा सुमारे सात वर्षांनी लहान. बागेत, शेकोटीपाशी बसून ती कथा सांगे आणि विल्हेल्म लिहून घेत. त्या काळी औषधविक्यांच्या दुकानांतच साखर आणि मसालेही मिळत. तेव्हा साखरेच्या खिडक्यांची कथा ऐकावयास याहून योग्य शेजार कोणता असणार, असे आमच्या मनात येऊन गेले.

हेन्सेल-ग्रेटेलची कथा १८१० च्या हस्तलिखितात आहे. तेव्हा तिला नुसते ‘छोटा भाऊ आणि छोटी बहीण’ असे नाव होते. हे हस्तलिखित ब्रेंटानो यांच्याकडे पाठविले गेले आणि त्यांनी ते परत केले नाही. ते फार उशिरा आल्सासमधील एका मठात सापडले. कथा वाचकांना माहीत आहेच. लाकूडतोड्याच्या घरात खावयास उरत नाही. मुलांना रानात सोडून यावे असे ठरते. हेन्सेल वाटेवर आधी पांढरे खडे टाकतो आणि मुले परत येतात. दुसऱ्या वेळी पावाचे तुकडे टाकतो आणि ते पाखरे खाऊन टाकतात. भुकेली मुले भटकत एका घरापाशी येतात. ते घर कशाचे होते? आजच्या चित्रांत दिसते तसे मसाल्याच्या वड्यांचे नव्हे. ग्रिमांच्या कथेत भिंती पावाच्या आहेत, छप्पर गोड भाजलेल्या पोळीचे आणि खिडक्या स्वच्छ साखरेच्या. आम्हांला हा तपशील फार मोलाचा वाटतो. जो पोटभर जेवलेला आहे तो स्वप्नात मिठाईचे घर पाहील. ज्याला दोन दिवस अन्न मिळालेले नाही तो प्रथम भिंतीएवढा पाव पाहतो. साखर त्याला नंतर सुचते. रानात टाकलेला पाव पाखरांनी नेला, त्याच पावाचे घर मुलांपुढे उभे राहिले आणि त्या घरात त्यांनाच खाणारी बसली होती. चेटकीण हेन्सेलला कोंडून उत्तमोत्तम पदार्थ खाऊ घालते ते त्याला पुष्ट करून खाण्यासाठी. अन्न पुढे ठेवणाऱ्या हाताचा भाव काय आहे, हे पाहिल्यावाचून अन्नाला अन्न म्हणता येत नाही, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली; कथेत तेच भय आहे.

१८१२ च्या जानेवारीत आर्निम कासेलला आले होते. त्यांनी कथांचे कागद पाहिले, पूर्णतेच्या हट्टापायी अधिक न थांबता त्या छापाव्यात असा आग्रह धरला आणि बर्लिनच्या राइमर या प्रकाशकाशी गाठ घालून दिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, शहाऐंशी कथांचा पहिला भाग निघाला. प्रती नऊशे. अर्पणपत्रिका आर्निम यांच्या पत्नीला व तिच्या तान्ह्या मुलाला होती. दुसरा भाग १८१५ च्या सालाने आला. पुस्तकात चित्रे नव्हती, टिपा मात्र भरपूर. त्यामुळे ते मुलांपेक्षा पंडितांच्याच अधिक कामाचे आहे अशी टीका झाली आणि खपही बेताचाच राहिला.

येथून पुढे कथांचे काम मुख्यतः विल्हेल्म यांचेच. याकोब व्याकरणाकडे वळले. विल्हेल्म यांनी १८१९ ते १८५७ या काळात सहा नव्या आवृत्त्या काढल्या. पहिलीसह एकंदर सात. प्रत्येकीत त्यांनी भाषा घोटली, म्हणी घातल्या, संवाद वाढविले. पावाचे घर कुरतडताना आतून आवाज येतो तेव्हा मुले जे यमकबद्ध उत्तर देतात ते १८१३ च्या जानेवारीत डॉर्टशेनने सांगितले आणि पुढच्या आवृत्तीत आले. अखेरच्या आवृत्तीत तर घरातली भूक ही एका कुटुंबाची राहिली नाही. साऱ्या देशात महागाई पडली होती असे त्यांनी आरंभीच लिहिले. चेटकिणीच्या घरचे जेवणही त्यांनी नीट मांडले आहे: दूध, साखर घातलेली धिरडी, सफरचंदे आणि अक्रोडासारखा सुका मेवा.

परंतु सर्वांत मोठा बदल निराळाच आहे. पहिल्या आवृत्तीत मुलांना रानात सोडून येण्याची कल्पना मुलांच्या सख्ख्या आईची आहे. १८४० च्या आवृत्तीत विल्हेल्म यांनी तिला सावत्र आई केले. सख्खी आई असे करील हे त्यांना कागदावर ठेववेना, असे अभ्यासक मानतात. जी आई सहा मुलांना घेऊन सरकारी वाड्यातून बाहेर पडली आणि मुलांच्या शिक्षणासाठी झिजली, तिच्या मुलाचा हात तेथे अडखळला असल्यास नवल नाही. मातेला देव मानणाऱ्या आपल्या घरांना तर हा बदल तत्काळ पटेल. तरीही आमचे मत थोडे वेगळे आहे. सावत्र आई आणल्याने दोष एका दुष्ट बाईच्या माथी गेला आणि भूक सुटून गेली. पहिल्या पाठातली आई दुष्ट होती असे म्हणवत नाही. ती हरलेली होती. दुष्काळ काय करतो हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांच्या घरातील पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. त्या साली कित्येक आईबापांनी पोटची मुले विकल्याचे उल्लेख आहेत. त्या आयांना आपण सावत्र म्हणणार आहोत काय?

१५ मे १८२५ रोजी विल्हेल्म आणि डॉर्टशेन यांचा विवाह झाला. ओळख होऊन तोपर्यंत वीस वर्षे उलटली होती. याकोब अविवाहित राहिले आणि याच संसारात अखेरपर्यंत राहिले. दोघा भावांचे पुस्तकांचे कपाट आणि पैशांची पिशवी एकच. लग्नाच्याच वर्षी, नाताळच्या सुमारास, पन्नास निवडक कथांची लहान आवृत्ती निघाली. तिच्यात धाकटे बंधू लुडविग एमिल यांनी काढलेली सात चित्रे होती. हे छोटे पुस्तक मात्र मुलांच्या हाती गेले आणि नाताळची भेट म्हणून घरोघर पोचले. पुढच्या एप्रिलात पहिला मुलगा झाला. त्याला काकांचे नाव ठेविले. आठ महिन्यांनी, डिसेंबरातच, तो गेला. साऱ्या देशातील मुलांच्या उशाशी ज्याचे पुस्तक ठेवले जात होते, त्याच्या घरातला पाळणा त्या नाताळात रिकामा होता. नंतर हेर्मान, रूडोल्फ आणि आउगुस्टे ही तीन मुले झाली आणि ती जगली.

१८३० साली दोघे बंधू गटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे त्यांची खरी परीक्षा झाली. १८३७ मध्ये हानोव्हरच्या गादीवर आलेल्या राजाने पूर्वीची राज्यघटना रद्द केली. याच घटनेला प्राध्यापकांनी शपथ वाहिली होती. राजा म्हणतो म्हणून शपथ मोडता येत नाही, असे सात प्राध्यापकांनी लेखी कळविले. त्यांत याकोब आणि विल्हेल्म दोघेही होते. डिसेंबरात सातही जण बडतर्फ झाले. याकोब यांना तर तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला. विल्हेल्म यांचे वय एक्कावन्न, छातीचे दुखणे जुने, पदरी तीन लहान मुले, आणि नाताळ दहा दिवसांवर. पोटाचा प्रश्न पुन्हा एकदा दाराशी येऊन उभा राहिला. त्यांनी सही मागे घेतली नाही. लाइपझिगच्या नागरिकांनी मंडळ स्थापून वर्गणी गोळा केली आणि या प्राध्यापकांचे पगार चालविले. त्यांच्या कथांतून निष्ठावंताला अखेर रत्ने सापडतात. प्रत्यक्षात लोकांनी दिलेल्या वर्गणीवर चूल पेटत राहिली.

१८४१ मध्ये प्रशियाच्या राजाच्या निमंत्रणावरून दोघे बर्लिनला गेले. तेथे जर्मन भाषेच्या महाकोशाचे काम हाच त्यांचा नित्यक्रम झाला. त्याचा पहिला खंड १८५४ साली निघाला. विल्हेल्म यांनी ‘डी’ हे अक्षर पुरे केले. ‘बी’ याकोब यांच्याकडे असल्याने पाव या शब्दाची नोंद थोरल्या भावाच्या वाट्यास आली. हा कोश दोघांच्या हातून पुरा होणे शक्यच नव्हते. तो १९६१ साली संपला.

या दोघांचे आपल्या संस्कृत भाषेशी नाते आहे. याकोब यांनी १८२२ साली जो ध्वनिनियम मांडला, त्याने संस्कृतातील ‘प’ तिकडे ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’ होतो हे दाखविले. पाद म्हणजे इंग्रजी फूट, दश म्हणजे टेन. त्याच वर्षी विल्हेल्म यांच्या कथांच्या टिपांचा स्वतंत्र भाग निघाला आणि त्यात एकेका कथेची इतर देशांतील बहीण शोधलेली होती. विल्हेल्म वारले त्याच १८५९ साली गटिंगेनच्या बेनफाय यांनी पंचतंत्राचे जर्मन भाषांतर छापले आणि युरोपातील बहुतेक कथांचे माहेर भारत आहे असे प्रतिपादन केले. हे मत पुढच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. आपणही त्याचा फार अभिमान बाळगू नये. पण कथा गोळा करण्याची जी हवा ग्रिमांमुळे जगभर पसरली ती दख्खनपर्यंत येऊन पोचली हे खरे. मुंबईच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रियर हिने आपल्या ॲना लिबेराटा डिसूझा या आयेकडून, तिने आजीकडून ऐकलेल्या कथा लिहून घेतल्या आणि १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या. तेथेही सांगणारी आयाच होती, आणि पुस्तकावर तिचे नाव ठळक नव्हते.

१६ डिसेंबर १८५९ रोजी बर्लिन येथे विल्हेल्म यांचे निधन झाले. नाताळला नऊ दिवस उरले होते. याकोब आणखी चार वर्षे जगले. कोशात ‘फळ’ या अर्थाच्या शब्दापर्यंत येऊन त्यांची लेखणी थांबली. बर्लिनच्या एकाच दफनभूमीत दोघे भाऊ शेजारी आहेत. डॉर्टशेन १८६७ साली गेल्या.

पावाच्या भिंती मसाल्याच्या वड्यांच्या झाल्या त्या पुढील काळात. पुस्तक जसजसे नाताळचे पुस्तक झाले तसतसे घरही नाताळचे झाले आणि भट्टीवाल्यांनी मध-मसाल्याच्या घट्ट कणकेत ते उभे केले. पावाची भिंत उभी राहत नाही, ही त्यांची अडचणही आपण समजू शकतो. या घराला रंगभूमीवर कायमचे नेले ते संगीतकार एंगेलबर्ट हुम्परडिंक यांनी. त्यांची बहीण आडेलहाइड वेट हिने आपल्या मुलांनी घरात खेळावे म्हणून या कथेवर पदे रचली होती. भावाने त्यांना चाली दिल्या आणि त्यातून पूर्ण संगीतिका झाली. २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमार येथे तिचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंदाचे संचालन तरुण रिखार्ड श्ट्राउस यांनी केले. तेव्हापासून नाताळच्या दिवसांत ती जर्मन रंगमंचावर होत आली आहे. तिच्या शेवटच्या अंकात चेटकिणीच्या अंगणात मसाल्याच्या वड्यांच्या बाहुल्या कुंपणासारख्या ओळीने उभ्या असतात. चेटकीण मेल्यावर त्या एकेक करून हालतात आणि जिवंत मुले होतात.

एका आईने आपल्या मुलांसाठी केलेल्या या रूपात सावत्र आई नाही. तेथे पुन्हा सख्खी आई आहे. ती दिवसभर दमून घरी येते, मुले खेळत असलेली पाहून चिडते, आणि त्या गडबडीत तिच्याच हातून शेजारणीने दिलेले दुधाचे भांडे फुटते. घरात दुसरे काही नसते. संतापात ती मुलांना रानात बोरे वेचावयास पिटाळते, आणि ती गेल्यावर रिकाम्या टेबलाशी बसून देवाकडे त्यांच्यासाठी अन्न मागते.